मोठ्या बाईंचं भाषण

४ फेब्रुवारी

थोरलीला,

आशीर्वाद गृहीत धर. परवा फोनवर आपलं जे काही झालं त्यानंतर मी ठरवलं की या विषयावर फोन नको. तू बोलतेस तेव्हा मी बोलतो, मी बोलतो तेव्हा तू, आणि शेवटी तुझी आई फोन हिसकावून घेऊन जेवलीस का विचारते. माझ्या धंद्यात एका वेळी एकाच माइकचा आवाज वर ठेवतात. पत्रात निदान एक जण बोलताना दुसरा गप्प बसतो. तेव्हा आता गप्प बस आणि वाच.

तुला वाटतं मी मोठ्या बाईंचा दुस्वास करतो. मुळीच नाही. त्या तुझ्या वर्गशिक्षिका होत्या तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचो, शिक्षिका असावी तर अशी. पण चांगला स्वयंपाकी म्हणजे चांगला हॉटेलमालक नव्हे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांनी काय काय केलंय ते ऐक. सकाळची रांग बंद. कवायत घेणाऱ्या शिट्टी मास्तरांची शिट्टी बंद. मुलं आता बाजारात शिरल्यासारखी शाळेत शिरतात. वर्गात बाकं गोलात मांडलीत, म्हणजे अर्ध्या पोरांची पाठ फळ्याकडे. आणि आठवड्यातून एकदा मुलांना विचारायचं म्हणे, शाळा कशी चालवावी! उद्या डॉक्टर पेशंटला विचारणार, कुठून कापू?

दाराशी तो मोठा लाकडी फळा होता ना, दरवर्षीच्या पहिल्या नंबरांची सोनेरी नावं असलेला, तोही काढला. मागे राहिलेल्या मुलांना वाईट वाटतं म्हणून. त्याचं मला काही नाही. आपलं सांगितलं.

आपल्या वॉर्डात निवडणूक आहे हे तुला माहीत आहेच. पोस्टरवर सगळे दात दाखवणारे ते हसरे साहेब उभे आहेत. त्यांनी शाळेचा प्रश्न हातात घेतलाय. लोक म्हणतात मतांसाठी. असेल. पण मतांसाठी का होईना, कुणीतरी विचारतंय. येत्या महिनाअखेरीला शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा आहे. बाईंनी खुर्चीत राहावं की शिट्टी मास्तरांनी यावं, यावर हात वर करून मत घेणार. पालकांच्या बाजूनं सगळ्यात आधी आवाज उठवला तो तुझ्या बापानं, हे मी अभिमानानं सांगतो. आणि सभेचे लाउडस्पीकरही अर्थात आपलेच.

शेंडेफळ आठवीत आहे. तिला शाळेचं काय वाटतं विचारलं तर म्हणते, "बाबा, तुम्ही शाळेत येणं थोडं कमी करा."

तुझा,
बाबा


१२ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. तुमच्या हुकमाप्रमाणे गप्प बसून वाचलं. आता तुमची पाळी.

रांगेबद्दल, बाकांबद्दल आपण मेल्यावरही भांडू. मी स्वतः शिकवते त्या वर्गात बाकं गोलात मांडते, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. पाणी प्या.

पण मला त्यावर वाद घालायचा नाही. मला एकच मागायचं आहे. तुम्हाला आठवतं, आठवीत मी शाळा सोडून तुमच्याबरोबर वायरी ओढायला यायचं ठरवलं होतं? मला आकडे समजत नव्हते आणि वर्गात हसायचे सगळे. तेव्हा मोठ्या बाई रोज शाळा सुटल्यावर माझ्याशेजारी बाकावर बसायच्या. समोर नाही, शेजारी. त्यांचा आवाज इतका बारीक की ऐकायला मान वाकवावी लागायची, आणि एकदा मान वाकवली की दुसरं काही ऐकूच यायचं नाही. त्या फळ्यावर माझं नाव लागलं ते त्या बाकामुळे.

त्या सभेत हसऱ्या साहेबांसारखे गर्जणारे लोक असणार आणि बाईंचा आवाज तो असा. म्हणून मागते. मत तुम्ही तुमच्या मनानं द्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांना नीट ऐकून घ्या. तुमचा तो चांगला माइक द्या, कुणालाच देत नाही तो. लहानपणी कोपरावर वायर गुंडाळायला शिकवताना तुम्ही सांगायचात, "माइकसमोर उभा राहील तो आपला माणूस. तो काय बोलतो ते बघायचं नाही, शेवटच्या ओळीत ऐकू जातं का ते बघायचं." तेवढं बघा.

शेंडेफळाचा सल्ला मात्र ऐका.

तुमची,
थोरली


१८ फेब्रुवारी

थोरली,

कार्डावर भागवतो, गडबड आहे. बाकं गोलात मांडतेस हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

ऐकून घेईन. चांगला माइक देईन. शब्द दिला.

बाबा


२ मार्च

थोरलीला,

झाली एकदाची सभा. हॉल खचाखच भरला होता. लोक खिडकीत बसले होते. हसरे साहेब आले, हसले, बोलले, पुन्हा हसले. शिट्टी मास्तर दोनच वाक्यं बोलले आणि घाम पुसत बसले. भला माणूस, भाषण त्याच्या गावचं नाही. मी पालकांच्या वतीनं बोललो. लोक म्हणाले, कर्णेवाले, तुम्हाला कर्ण्याची गरजच नाही.

मग मोठ्या बाई उठल्या. मी त्यांना तो चांगला माइकच दिला होता, विचार कुणालाही. पण नेमकी तेव्हाच वायर गेली. त्याचं असं आहे की जुन्या वायरीला आतून पीळ पडतो, बाहेरून दिसत नाही, आणि माणसांचे पाय पडून पडून ती आतल्या आत तुटते. शिवाय हॉलमधली वीज कमीजास्त होत होती. शिवाय त्या माइकचा जोड मागच्या महिन्यात सैल झालेला मी पाहिला होता, बदलायचा राहून गेला. अशा गोष्टी एकदम येतात. मी खूप खटपट केली. काही उपयोग झाला नाही.

बाई तरी बोलत राहिल्या. मागच्या ओळींत लोक "ऐकू येत नाही" म्हणून ओरडायला लागले, मग आपापसात बोलायला लागले, एकदोघं उठूनही गेले. शेवटी शेवटी फळा परत लावते म्हणाल्या, रांगही सुरू करते म्हणाल्या, पण वरातीमागून घोडं. हात वर झाले. चारातले तीन हिस्से हात त्यांच्या विरुद्ध. शिक्षण कार्यालयाच्या माणसानं तिथल्या तिथे जाहीर केलं. पुढच्या आठवड्यापासून शिट्टी मास्तर खुर्चीत, बाई पुन्हा खालच्या वर्गावर.

जे झालं ते पालकांच्या इच्छेनं झालं. मला समाधान आहे. आईचं डोकं दुखतंय, ती दोन दिवस माझ्याशी फारशी बोलली नाही. शेंडेफळही अभ्यासात आहे.

तुझ्याकडे थंडी पडली असेल तर स्वेटर घाल. मागच्या वर्षीचा तो जाड घाल, पातळ नको.

बाबा


११ मार्च

बाबा,

पत्र वाचून वाईट वाटलं, लपवत नाही. पण तुम्ही शब्द पाळलात, माइक दिलात, वायरीपुढे कुणाचं काय चालणार. तुमच्यावर राग नाही.

एक गोष्ट सांगते. तुमचं पत्र येण्याआधीच मोठ्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या आवाजात मी कधी संशय ऐकला नव्हता, तो ऐकला. त्या म्हणाल्या, आधीच्या सगळ्यांचा माइक चालला आणि माझाच बंद पडला, हे मला पटत नाही. महिन्याच्या आत अर्ज केला तर कार्यालय पुन्हा सभा घेतं म्हणे. त्या अर्ज करणार होत्या.

मग तुमचं पत्र आलं. मी त्यांना लगेच लिहिलं. लिहिलं की बाई, माझे बाबा तुमच्याशी भांडतील, तुमच्याविरुद्ध गावभर बोलतील, पण माइकसमोरच्या माणसाचा आवाज तोडणार नाहीत. विरोधी पक्षाच्या सभेतसुद्धा ते भिजत उभे राहून कर्णे चालू ठेवतात, मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. बाकी कुणाबद्दल नाही, पण त्यांच्याबद्दल मी शपथ घेते.

काल त्यांचं उत्तर आलं. दोनच ओळी. "तू म्हणतेस म्हणजे वायरच गेली असणार. मग लोकांना दोष देऊन पुन्हा सगळ्यांना भांडायला का बोलवायचं? अर्ज करत नाही." मला बरं वाटलं. निदान तुमच्या नावावर डाग राहिला नाही.

पातळ स्वेटर घातला. सर्दी झाली. तुमचं खरं.

थोरली


२७ मार्च

थोरलीला,

पत्र मिळालं. काम फार आहे. हसऱ्या साहेबांच्या प्रचाराच्या सभा रोज चालू आहेत. शाळेत सकाळी पुन्हा शिट्टी वाजते, आपल्या घरापर्यंत ऐकू येते.

अर्जाची मुदत किती आहे म्हणालीस? सहज विचारतो.

सर्दीला गरम पाणी घे.

बाबा


५ एप्रिल

बाबा,

मुदत संपली. मार्चअखेरीलाच.

सहज विचारलंत ना? मीही आता सहज विचारते. तुमचं दोन मार्चचं पत्र मी पुन्हा वाचलं. इथल्या एका मैत्रिणीला सभेचा किस्सा सांगत होते आणि वाचता वाचता थांबले. तुम्ही लिहिलंय, "शेवटी शेवटी फळा परत लावते म्हणाल्या, रांगही सुरू करते म्हणाल्या."

मी शेंडेफळाला फोन केला. ती पहिल्या ओळीत बसली होती. ती म्हणाली, "ताई, नुसते ओठ हलत होते गं. मागून इतका गलका होता की आम्हाला पुढेसुद्धा काही कळलं नाही." मग मी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला विचारू नकोस, बाबांना विचार," आणि फोन ठेवला. आईनं माझा फोन आजवर कधी आधी ठेवला नाही.

वायर तुटली असेल तर तुमच्या हेडफोनमध्येही आवाज येत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंय. मग पूर्ण हॉलमध्ये कुणालाच ऐकू आलं नाही ते तुम्हाला कसं ऐकू आलं?

मी चुकत असेन तर मला रागवा. मनापासून सांगते, रागवा.

थोरली


२० एप्रिल

थोरली,

तू चुकत नाहीस.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. पहिल्यांदा पुन्हा वायरीबद्दलच लिहीत गेलो. आपला हात खोटं लिहायला किती लवकर सरावतो ते पाहून कागद फाडला.

वायरीला काही झालं नव्हतं. मशीनमधून आवाजाच्या दोन वाटा निघतात, एक बाहेरच्या पेट्यांकडे, एक माझ्या कानाकडे. बाहेरची वाट मी बंद केली. बोटानं खाली सरकवली. कानातली चालूच होती. त्या सबंध हॉलमध्ये मोठ्या बाईंचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा मी एकटा माणूस.

का केलं, तर ऐक. फळ्याचं मला काही नाही असं तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. फळा काढला त्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेलो होतो. दार लावून घेतलं आणि त्यांना विनवलं. म्हटलं, बाकीच्यांची काढा, माझ्या थोरलीचं राहू द्या. तिचा बाप सातवीत शाळेतून उठलेला, सगळा जन्म वायरी ओढण्यात गेला, शाळेचा स्पीकर दुरुस्त करायला येतो तेव्हा हा सोन्याच्या अक्षरांचा एक तुकडा बघायला येतो. असं बरंच बोललो. डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, विचार करते. फळा काही परत आला नाही. मग मी रांग, शिट्टी, शिस्त धरून गावभर बोलत सुटलो. शिस्तीचं जे बोललो ते मी मानतो, आजही मानतो. पण पायात खरा काटा कुठला होता ते मला माहीत होतं.

त्या दिवशी बाई माइकसमोर आल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, "आधी त्या फळ्याबद्दल बोलते. एक पालक माझ्याकडे आले होते." मला वाटलं, झालं. आता ही बाई भरल्या सभेत सांगणार की हा कर्णेवाला, आत्ता इथे छाती पुढे काढून गर्जत होता तो, माझ्या खोलीत येऊन रडला. सगळे हसणार. शेंडेफळ पहिल्या ओळीत. बोट आपोआप खाली सरकलं.

आणि मग कानात बाई पुढे म्हणाल्या, "ते कोण ते मी सांगणार नाही. पण त्यांच्यामुळे मला कळलं की मी घाई केली. मागच्यांचं मन राखताना पुढे आलेल्यांच्या घरच्यांचं मन मोडलं. मी विचारायला हवं होतं. फळा परत लावू. रांग हवी असेल तर रांग करू, फक्त उशीर झालेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं नाही एवढंच माझं मागणं. मला एक वर्ष द्या, तुमच्याबरोबर बसून चालवते." शब्द थोडे इकडेतिकडे झाले असतील. फार नाही. रोज ऐकू येतात.

म्हणजे आम्ही जे मागत होतो ते त्या देत होत्या. आणि मी तेच लोकांच्या कानावर जाऊ दिलं नाही. कुंपणानं शेत खाणं म्हणतात ते हेच.

तू म्हणशील, मग तेव्हा आवाज परत वर का नाही केला? एका बोटाचं काम होतं. पण वर केला असता तर सगळ्यांना कळलं असतं की तो खाली मीच केला होता. बाई बोलत होत्या, लोक ओरडत होते, मी वायरी चाचपण्याचं नाटक करत होतो. आई दाराशी उभी होती. ती माझ्या बोटांकडे बघत होती. बत्तीस वर्षं या बोटांबरोबर संसार केलाय तिनं, तिला वायर सांगून काय उपयोग?

पुढचं लिहायची लाज वाटते, पण लिहितो. तू त्यांना शपथ घेऊन लिहिलंस हे वाचलं त्या दिवशी मुदत बाकी होती. मी गेलो असतो तर सभा पुन्हा झाली असती. मी तुला "मुदत किती" विचारलं आणि तुझं उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसलो. उत्तर मुदतीनंतरच येणार हे पोस्टाच्या हिशेबानं मला कळत होतं.

माझी शरम वाटत असेल तर तुझं बरोबर आहे.

बाबा


२६ एप्रिल

बाबा,

मी रागावले आहे हे लिहायची गरज नाही. थोडक्यात लिहिते.

तुम्ही एका माणसाचा आवाज तोडलात. मी त्या माणसाला शपथेवर सांगितलं की तुटला नाही. तुमच्याकडे निदान भीती होती, लाज होती. माझ्याकडे काय होतं? नुसती खात्री. माझे बाबा असं करणारच नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसून जिनं मला शिकवलं तिच्या शंकेपेक्षा मला तुमचं नाव मोठं वाटलं. तिनं अर्ज केला नाही तो माझ्यामुळे. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

मी त्यांना आजच लिहू शकते. पण लिहिणार नाही. आधी तुम्ही जा. ज्यांनी हात वर केले त्यांच्यासमोर सांगा, आणि मग बाईंच्या घरी जाऊन सांगा. माझ्याकडून त्यांना कळलं तर ते तुमचं सांगणं होणार नाही.

तोवर फोन करू नका. आईला माझा नमस्कार सांगा.

थोरली


१४ मे

थोरली,

दोन्ही केलं. जसं झालं तसं लिहितो.

हसरे साहेब निवडून आले. आभाराची सभा शाळेच्याच हॉलमध्ये ठेवली, आवाजाचं काम माझ्याकडे. सगळे तेच लोक. साहेबांचं संपल्यावर मी मशीन सोडून स्टेजवर गेलो, माइक घेतला आणि सांगितलं. त्या दिवशी वायर गेली नव्हती, मी आवाज बंद केला होता, बाई अमुक अमुक म्हणत होत्या. त्यांचं बोलणं जसं कानात होतं तसं म्हणून दाखवलं. माझा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जात होता.

मला वाटलं होतं लोक चपला फेकतील. लोक हसले, गं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. हसऱ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माइकवर म्हणाले, "असे आमचे कार्यकर्ते! न सांगता काम करतात!" मी म्हटलं, साहेब, मी चूक कबूल करतोय. तर म्हणाले, "विनयही बघा!" कार्यालयाचा माणूस तिथेच होता. त्याला हात जोडले. तो म्हणाला, मुदत गेली, निकाल लागला, आता उगाच उकरू नका. मी इतकी वर्षं लोकांचा आवाज लोकांपर्यंत पोचवतो आणि माझं स्वतःचं एक वाक्य पोचवता आलं नाही.

एकटे शिट्टी मास्तर हसले नाहीत. ते मान खाली घालून बसले होते. बाहेर गाठून मला म्हणाले, "कर्णेवाले, मला खुर्ची हवी होती. अशी नको होती. आता मी तिच्यात कसा बसू सांगा." म्हणजे मी ज्याच्यासाठी भांडलो त्याचंही वाटोळंच केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या बाईंकडे गेलो. आई म्हणाली, "मी येत नाही, एकटेच जा." त्यांच्या पुढच्या खोलीत खालच्या वर्गाच्या वह्या पसरल्या होत्या, पोरांनी काढलेली घरं, झाडं. आभाराच्या सभेतलं त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला. माझं तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

मी म्हटलं, कसले?

तर म्हणाल्या, "त्या दिवशी माझा आवाज गेला आणि लोक ओरडायला लागले तेव्हा मी बोलणं थांबवून खाली बसणार होते. मग तुमच्याकडे नजर गेली. तुम्ही कानावरचा हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान वाकवून उभे होता. मला वाटलं, यांना ऐकू येतंय. माझ्या विरुद्ध बोललेला माणूस मन लावून ऐकतोय. म्हटलं, एक जण ऐकतोय ना, मग पुरं बोलू. त्या दिवसातलं तेवढंच एक मला चांगलं आठवतं."

थोरली, खरं सांगतो, तिथून तसाच उठून यावं असं वाटलं. त्या बाईकडे त्या दिवसाचं एवढंच उरलं होतं आणि ते मी काढून घ्यायला आलो होतो. गप्प राहिलो असतो तर दया केली असं स्वतःला सांगता आलं असतं. पण दया आणि पळ काढणं यातला फरक मला आता थोडाफार कळतो. सांगितलं. बोटापासून मुदतीपर्यंत सगळं. तुझ्या पत्राचंही सांगितलं, की तिला माहीत नव्हतं.

त्यांनी पसरलेल्या वह्या एकेक करून गोळा केल्या. मग त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आवाज बंद केलात ते मला कळू शकतं. माणूस घाबरतो. पण तुम्ही सगळं ऐकलंत. तुम्हाला हवं ते मी देत होते हे फक्त तुम्हाला कळलं होतं. आणि मत घेताना तुम्ही हात वर केलात. मी पाहिला तुमचा हात. तो का वर केलात?"

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. हो, केला होता वर. मी म्हटलं, "सगळ्यांचे वर होते." यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

त्यांनी मान हलवली. मग तुझ्याबद्दल बोलल्या. म्हणाल्या, "तिला कळवा, अर्ज मी तिच्या पत्रामुळे सोडला नाही. मी दमले होते, निमित्त शोधत होते." हे खरं की तुझ्यासाठी म्हणाल्या, मला सांगता येणार नाही. मी आपला निरोप पोचवतो, जसाच्या तसा.

मी हात जोडायला लागलो तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, "माफी मागू नका. तुम्ही मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि मला ती आत्ता द्यायची नाही."

म्हणून मागितली नाही. उठलो आणि घरी आलो. तुझ्याकडेही मागत नाही. पण पत्र टाक.

बाबा